लोखंडाची मोटार तरंगली कशी?

बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवर माझी थोरली बहीण राहते. भावोजींच्या नोकरीमुळे ताईचा संसार गेली कित्येक वर्षे तिकडेच आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी चार दिवस तिच्याकडे गेले होते. दुपारची वेळ होती. आम्ही दोघी चहा घेत होतो, ताईच्या सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या आणि तिसरीत जाणारी भाची न्हाणीघरात बादलीशी खेळत होती. एकदम तिचा आवाज आला, "आई, एवढासा चमचा बुडतो, मग आपली मोटार का नाही बुडली?"

प्रश्न उगाच आलेला नव्हता. ४ सप्टेंबर २०२२च्या रात्री बेंगळुरूत मुसळधार पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी सर्जापूर रोड, बाहेरचा वळणरस्ता, बेलंदूर हा सगळा भाग पाण्याखाली होता. रेनबो ड्राइव्हसारख्या वसाहतींतून माणसांना ट्रॅक्टर आणि होड्यांमधून बाहेर काढावे लागले होते. भाची तेव्हा पाच वर्षांची होती. तिने सज्जातून पाहिले होते की, खाली उभ्या असलेल्या त्यांच्या मोटारीची मागची चाके हळूच उचलली गेली, मोटार एखाद्या कागदी होडीसारखी वळली आणि जाऊन भिंतीला टेकली. ते दृश्य तिच्या मनात घर करून बसले होते.

ताई म्हणाली, "पुढच्या वर्गात गेलीस की शिकवतील हं शाळेत."

भाची गप्प झाली. रात्री ताईने मला कबुली दिली, "अगं, खरं सांगू? मलाच ठाऊक नाही. मी वाणिज्य शाखेची. काहीतरी चुकीचं सांगण्यापेक्षा शाळेवर ढकललेलं बरं."

किती घरांत असेच होते! मुलांचे प्रश्न टाळण्यामागे बहुतेक वेळा आळस नसतो, आपले अज्ञान उघडे पडेल ही भीती असते. पण या प्रश्नाचे उत्तर शोधायला पदवी लागत नाही. एक बादली, एक वाटी, मूठभर मीठ आणि 'मलाही माहीत नाही, चल पाहू या' असे म्हणण्याची तयारी एवढे पुरे. आम्ही पुढचे तीन दिवस हेच केले.

जड बुडते, हलके तरंगते?

पहिल्या दिवशी मी भाचीला स्वयंपाकघरातून दहा वस्तू आणायला सांगितल्या. चमचा, स्टीलची वाटी, लिंबू, बटाटा, गाजर, मेणबत्ती, खोडरबर, सुपारी, बाटलीचे बूच आणि एक संत्रे. प्रत्येक वस्तू पाण्यात टाकण्याआधी ती तरंगेल की बुडेल, हे वहीत लिहायचे आणि मगच टाकायची, असा नियम केला. हा नियम महत्त्वाचा आहे. आधी अंदाज न लिहिता वस्तू पाण्यात टाकत गेले, तर तो नुसता खेळ होतो. अंदाज चुकला की मूल थबकते, आणि विचार तिथूनच सुरू होतो.

भाचीचा सिद्धांत सरळ होता. जड ते बुडते, हलके ते तरंगते. (खरे तर आपल्यापैकी बहुतेकांचा हाच सिद्धांत असतो!) पण चमचा बुडाला आणि त्याच्यापेक्षा जड असलेली वाटी मजेत तरंगत राहिली. सुपारीपेक्षा कितीतरी मोठी मेणबत्ती वर राहिली. सिद्धांताला पहिला तडा गेला.

मग संत्रे. पुस्तकात असते त्याप्रमाणे सालीसकट संत्रे तरंगते आणि सोलले की बुडते, असे मी मोठ्या ऐटीत जाहीर केले. सालीसकट ते तरंगलेच. मग सोलून टाकले, तर तेही तरंगू लागले! ताई तोंडाला पदर लावून हसू लागली. माझी फजिती पाहून भाचीला मात्र चेव आला. तिने संत्रे उचलून न्याहाळले आणि म्हणाली, "मावशी, याच्या मधे तर भोक आहे." खरेच की! आपल्या नागपुरी संत्र्याच्या मध्यभागी पोकळी असते आणि तिच्यात हवा राहते. फोडी सुट्या करून टाकल्या, तेव्हा त्या तळाशी गेल्या. सालीतही अशीच बारीक हवेची घरे असतात. साल काढल्याने संत्र्याचे वजन कमीच होते, तरीही ते बुडण्याकडे झुकते. म्हणजे नुसत्या वजनावर काही ठरत नाही. ते वजन किती जागेत भरलेले आहे, यावर ठरते.

यालाच घनता म्हणतात. एक घन सेंटिमीटर पाण्याचे वजन सुमारे १ ग्रॅम असते. तेवढ्याच जागेतले गोडे तेल साधारण ०.९२ ग्रॅम भरते, म्हणून ते आमटीवर तवंग धरते. बर्फ सुमारे ०.९२ ग्रॅम, म्हणून सरबतात तो वर राहतो, पण त्याचा बहुतेक भाग पाण्याखाली असतो. लोखंड जवळजवळ ७.९ ग्रॅम, म्हणून खिळा सरळ तळ गाठतो. मुलांना हे आकडे पाठ करायला लावण्याची गरज नाही. 'एकाच मापाचा पेला दोन वेगळ्या पदार्थांनी भरला, तर कोणता जड?' एवढे कळले की झाले. पाणी, तेल आणि काकवी एकाच उंच पेल्यात ओतून पाहा. काकवी तळाशी, पाणी मध्ये, तेल वर. आता एक द्राक्ष सोडा. ते तेल आणि पाणी ओलांडून काकवीवर जाऊन बसेल.

वाटीतली नाणी

पण मग वाटी का तरंगते? ती तर पोलादाचीच.

दुसऱ्या दिवशी आम्ही एक पातेले काठोकाठ भरले आणि ते परातीत ठेवले. वाटी अलगद पाण्यावर सोडली. परातीत थोडे पाणी सांडले. ते पाणी गोळा करून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले, तर त्याचे वजन जवळजवळ वाटीच्या वजनाइतकेच भरले. थोडा फरक पडतोच, कारण पातेल्याच्या काठावर पाणी किंचित फुगून राहते. मुलांना हा फरक मोकळेपणाने दाखवावा.

ग्रीक शास्त्रज्ञ आर्किमिडीजने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी हेच सांगितले होते. पाण्यात वस्तू जितके पाणी बाजूला सारते, तितक्या पाण्याच्या वजनाइतका जोर तिला वर ढकलतो. चमचा स्वतःच्या पोलादाएवढीच जागा व्यापतो, म्हणून थोडेसेच पाणी सारतो. वाटी मात्र आतल्या रिकाम्या जागेसकट पाण्यात उतरते आणि पुष्कळ पाणी सारते. पोलाद तेच, आकार वेगळा.

आता भाचीला खरा उद्योग दिला. आमच्या वाटीचे वजन ६० ग्रॅम होते आणि तिच्यात काठोकाठ १५० ग्रॅम पाणी मावत होते. म्हणजे बुडण्याआधी ती सुमारे १५० ग्रॅम पाणी सारू शकेल. त्यातले ६० ग्रॅम तिचे स्वतःचे, उरले ९०. आमच्याकडचे एक रुपयाचे नाणे पावणेचार ग्रॅमच्या आसपास होते. मग नाणी किती मावतील? भाचीने बोटांवर हिशेब केला आणि "चोवीस!" असे सांगितले. एक एक नाणे ठेवत गेलो. एकोणीस नाण्यांना वाटी कलली, एका बाजूने पाणी शिरले आणि क्षणात तळाशी गेली. "नाणी एका बाजूला ठेवली ना मी," भाची स्वतःच म्हणाली. पुन्हा प्रयत्न केला. या वेळी नाणी नीट पसरून ठेवली आणि आकडा बावीसवर गेला. होडीत सगळी माणसे एकाच काठाला धावली की ती का उलटते, हे तिला निराळे सांगावे लागले नाही.

आजींचे मीठ

इतका वेळ ताईच्या सासूबाई लांबूनच गंमत पाहत होत्या. त्या चिपळूणकडच्या. मी पेल्यात मीठ घालू लागले, तेव्हा त्या पुढे सरसावल्या. "हे आम्हाला नको शिकवूस. आमच्याकडे भाताचं बियाणं मिठाच्या पाण्यात घालतात. वर येतं ते पोचट, खाली राहतं ते पेरायचं."

आजींचे म्हणणे अगदी शास्त्रशुद्ध होते. कृषी खातेही भातशेतीसाठी हेच सांगते. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचे आणि त्यात बियाणे टाकायचे. पोकळ, रोगट दाणे वर येतात, ते काढून टाकायचे. तळाचे भरीव दाणे साध्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचे. मिठामुळे पाण्याची घनता वाढते. साध्या पाण्यात जो अर्धवट भरलेला दाणा कसाबसा बुडाला असता, त्यालाही हे पाणी वर ढकलते. चाळणीने न होणारे काम मूठभर मीठ करते.

मग घरातल्या बटाट्याची परीक्षा घेतली. साध्या पाण्यात तो बुडाला. मीठ घालून ढवळत गेलो आणि पाणी चांगलेच खारट झाल्यावर बटाट्याचे तुकडे हळूहळू वर आले. ज्यांच्या घरी अंडी चालतात, त्यांनी अंडे घ्यावे. पेलाभर पाण्यात साधारण तीन-चार चमचे मीठ विरघळले की ताजे अंडे तरंगू लागते. मुंबईच्या समुद्रात पोहणाऱ्याला विहिरीपेक्षा हलके का वाटते, याचेही उत्तर यातच आहे. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. मृत समुद्राचे तर २० टक्क्यांहून अधिक जड असते, म्हणून तिथे माणूस बुडतच नाही, असे म्हणतात. पण नाकातोंडात ते पाणी गेले तर तिथेही जीव धोक्यात येतो, हे सांगायला विसरू नये.

आजींनी दूधवाल्याचीही आठवण काढली. पूर्वी सहकारी दूध संस्थांत दुधात काचेची नळी सोडून पाहत. ती दुग्धमापक नळी म्हणजे तरंगण्याचेच गणित. चांगल्या दुधाची घनता साधारण १.०२८ ते १.०३२ असते. पाणी मिसळले की घनता कमी होते आणि नळी अधिक खोल जाते. पण लबाडांनी यावरही तोड काढली होती. साय काढून घेतली की दूध जड होते, मग त्यात पाणी मिसळले की घनता पुन्हा जागेवर! म्हणून नुसत्या नळीवर कोणी विसंबत नाही, स्निग्धांशही तपासतात. ही गोष्ट ऐकून भाची इतकी खूश झाली की, शरबताच्या नळीच्या टोकाला कणीक लावून तिने स्वतःचे मापक बनवले. साध्या पाण्यात आणि मिठाच्या पाण्यात ते कुठवर बुडते, त्याच्या खुणाही केल्या.

'जड पाणी' जड असते का?

भाचीचा पुढचा प्रश्न मात्र मलाही नवा होता. सर्जापूर रोडच्या अनेक इमारतींना कूपनलिकेचे आणि टँकरचे पाणी वापरावे लागते. नळांवर पांढरे डाग पडतात, साबणाला फेस येत नाही आणि ताई रोज कुरकुरते, "इथलं पाणी फार जड." भाचीने विचारले, "मग यात वस्तू जास्त तरंगतात का?"

आम्ही तिचे मापक दोन्ही पाण्यांत सोडून पाहिले. काहीच फरक दिसला नाही. कारण अशा पाण्यात लिटरमागे एखाद-दुसरा ग्रॅम क्षार असतात, समुद्रात मात्र सुमारे ३५ ग्रॅम. एका ग्रॅमने लिटरभर पाण्यात जो फरक पडतो, तो आपल्या नळीला दिसणारा नाही. म्हणजे आपले 'जड पाणी' साबणाला आणि डाळ शिजायला जड, काट्यावर नव्हे. शास्त्रज्ञ ज्याला जड पाणी म्हणतात, ते आणखी निराळे. रायगड जिल्ह्यात थळ येथे अणुभट्ट्यांसाठी ते तयार होते. ते साध्या पाण्यापेक्षा सुमारे दहा टक्के जड असते आणि त्याचा बर्फ साध्या पाण्यात बुडतो! एका शब्दातून केवढे दालन उघडले.

या प्रयोगांसाठी आम्ही पिण्याचे पाणी वापरले नाही. २०२४च्या उन्हाळ्यात बेंगळुरूने पाणीटंचाई भोगली आहे. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून जे पाणी वाया जाते, तेच बादलीत साठवले आणि नंतर त्यानेच न्हाणीघर धुतले. मिठाचे पाणी मात्र झाडांना घालू नये.

पुन्हा मोटार

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भावोजी घरी होते. मोटारीचा प्रश्न अजून शिल्लक होता. भावोजी हसून म्हणाले, "गेल्या पावसाळ्यात मी हिला घेऊन पाण्यातून गाडी काढली. हजार किलोची गाडी आहे, तिला काय होतंय?"

मी कागद घेतला. मोटार साधारण पावणेचार मीटर लांब आणि १.६ मीटर रुंद. म्हणजे तळ झाला सुमारे ६ चौरस मीटर. पाणी तळाला लागल्यावर आणखी फक्त १ सेंटिमीटर चढले, तर मोटार सारते सुमारे ६० किलो पाणी. हजार किलोंना भागले की उत्तर येते १७ सेंटिमीटर. तळाखालची मोकळी जागाही साधारण तेवढीच. म्हणजे आत पाणी शिरण्याआधी बाहेर दीड फुटाच्या आत पाणी असले, तरी लहान मोटार तरंगू लागू शकते. तळ सपाट नसतो, म्हणून आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण वाहत्या पाण्यात तर तरंगण्याचीही वाट पाहावी लागत नाही. वजन उचलले जाऊ लागले की चाकांची रस्त्यावरची पकड सुटते आणि सुकाणू फिरवून काही होत नाही. इंजिन पुढे असते, म्हणून मागची बाजू आधी उचलली जाते. भाचीने सज्जातून पाहिले होते ते हेच.

भावोजींच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. 'जड आहे म्हणून सुरक्षित आहे' हा त्यांचा समज आणि भाचीचा पहिल्या दिवशीचा सिद्धांत एकच होता. फरक इतकाच की, भाचीची चूक बादलीत होती.

मोटार काही वाटीसारखी घट्ट नसते. दारांच्या फटींतून पाणी शिरते, ती खाली बसते आणि बाहेरच्या पाण्याचा दाब दारावर पडतो. मीटरभर रुंदीच्या दारावर अर्धा मीटर पाणी असले, तर तो दाब सव्वाशे किलोंच्या आसपास जातो. आतून दार ढकलणाऱ्याला ते उघडत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा काही जण बंद मोटारींतच गुदमरून गेले. २१ मे २०२३ रोजी बेंगळुरूच्या के. आर. सर्कलजवळच्या भुयारी रस्त्यात पाण्यात अडकलेल्या मोटारीतील एका २२ वर्षांच्या तरुणीचा मृत्यू झाला.

तेव्हा रस्त्यावर पाणी किती खोल आहे हे दिसत नसेल, तर गाडी त्यात घालूच नये. भुयारी रस्त्यात तर मुळीच नको. गाडी पाण्यात बंद पडली, तर ती पुन्हा सुरू करण्यात वेळ घालवू नये. पट्टे सोडावेत, विजेवर चालणाऱ्या काचा चालू आहेत तोवर त्या खाली कराव्यात आणि मुलांना आधी बाहेर काढून उंच जागी जावे. गाडीची किंमत पुन्हा कमावता येते.

मुलांबरोबर करताना

चार-पाच वर्षांच्या मुलांना फक्त तरंगणाऱ्या आणि बुडणाऱ्या वस्तू वेगळ्या करू द्या. कारणे सांगण्याची घाई नको. सात ते दहा वर्षांच्या मुलांना अंदाज लिहून ताडून पाहू द्या. त्याहून मोठ्यांच्या हाती काटा आणि मापाचा पेला द्या. उत्तर चुकले तर हसू नका, आणि तुमचे चुकले तर लपवू नका.

एक गोष्ट मात्र कधीही विसरू नका. लहान मूल भरलेल्या बादलीजवळ किंवा टबाजवळ क्षणभरही एकटे सोडू नये. वीतभर पाणीसुद्धा त्याच्या जिवावर बेतू शकते. खेळ संपला की बादली रिकामी करा. पोहण्याच्या तलावात दंडाला बांधायचे हवेचे फुगे हे खेळणे आहे, संरक्षण नव्हे. आजी सांगत होत्या, त्यांच्या लहानपणी पाठीला रिकामा डबा किंवा सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकवत, पण काठावर दोरी धरून काका उभा असायचाच. डबा मुलाला वर ठेवतो. मुलाकडे लक्ष मात्र काकालाच ठेवावे लागते.

निघण्याच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे जवळच्या कैकोंड्रहळ्ळी तलावावर फिरायला गेलो. रहिवाशांनी आणि महापालिकेने मिळून पुन्हा जिवंत केलेला हा तलाव. याचे पाणी पुढे सौळ केरे आणि तिथून बेलंदूरकडे जाते. मधल्या ओढ्यांच्या वाटा बुजल्या की ते पाणी रस्त्यावर आणि घरांत येते, हे भावोजींनी लेकीला समजावून सांगितले. पाण्यावर एक पाणकावळा पोहत होता, नुसती मान वर काढून. "बदक तर केवढं वर राहतं, हा एवढा खाली का?" भाचीने विचारले.

ताईने माझ्याकडे पाहिले नाही. ती म्हणाली, "मला नक्की माहीत नाही. तुला काय वाटतं?"

भाची विचार करू लागली. उत्तर आहे बरे का! बदकाच्या पिसांत हवा कोंडलेली राहते, पाणकावळ्याची पिसे बरीच भिजतात, म्हणून त्याला बुडी मारणे सोपे जाते. पण ते मी सांगितले नाही.

जुलैत ताईचा फोन आला. पावसात घरी येताना वाटेत रस्त्यावर पाणी साचले होते. पुढच्या दोन गाड्या त्यातून गेल्या. भावोजींनी गाडी थांबवली, क्षणभर पाहिले आणि मागे वळवली. मागच्या आसनावरून भाची म्हणाली होती, "बाबा, सतरा सेंटिमीटर!" घरी पोहोचायला तासभर उशीर झाला म्हणे.

होऊ दे उशीर.